वॉशिंग्टनची बातमी, धरणगावचा भाव

४ जुलै २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एका भल्यामोठ्या कायद्यावर सही केली. ‘वन बिग ब्युटिफुल बिल’ हे त्याचं नाव त्यांनीच लाडाने ठेवलेलं. आपल्याकडे हा कायदा गाजला तो इलॉन मस्क आणि ट्रम्प यांच्या भांडणामुळे. कोण कुणाला काय म्हणालं, मस्क नवा पक्ष काढणार का, दोस्तीत दरार कशी पडली, यावर मराठी वाहिन्यांनी तासन्‌तास घालवले. त्याच कायद्याच्या पोटात शेतीविषयीची काही कलमं होती. त्यांतल्या एकाने अमेरिकी कापूस उत्पादकाच्या मदतीसाठी धरला जाणारा सरकीसह कापसाचा संदर्भभाव पौंडाला ३६.७ सेंटवरून ४२ सेंटवर नेला. बाजार या रेषेच्या खाली घसरला, तर फरकाचा मोठा हिस्सा तिथलं सरकार भरून देणार, असा याचा साधा अर्थ. धरणगाव, जामनेर, पारोळा, शिंदखेडा या पट्ट्यात बायकापोरांसह कापसात राबणाऱ्या माणसासाठी त्या दिवशीची खरी बातमी ही होती. ती त्याच्यापर्यंत पोहोचलीच नाही. त्याला मस्क पोहोचला.

अमेरिकेचं राजकारण, तिथली युद्धं आणि तिथली वर्तमानपत्रं यांच्याविषयी खान्देशात बसून कुणी मत मांडू लागलं की पहिला टोमणा ठरलेला असतो: घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. इथे वीज दिवसा मिळत नाही, तुम्ही कसली अमेरिका घेऊन बसलात! टोमणा ऐकायला झकास आहे, पण चुकीचा आहे. अमेरिका खान्देशाला परकी नाही. दीडशेहून अधिक वर्षं ती कापसाच्या भावातून आपल्या घरात नांदते आहे. परकी वाटते, कारण ती आपल्याला कुस्तीच्या फडासारखी दाखवली जाते: लाल कोपऱ्यात हा, निळ्या कोपऱ्यात तो, आणि आपण टाळ्या पिटणारे. या फडात भाव कोण ठरवतो, जोखीम कुणाच्या गळ्यात पडते आणि भरपाई कुणाला मिळते, हे तीन प्रश्न कुणी विचारत नाही. हे प्रश्न विचारणं म्हणजेच अमेरिकेकडे डावीकडून पाहणं, असं मी मानतो. त्यासाठी लाल बावटा खांद्यावर घ्यावा लागत नाही. वेचणी करणारीच्या ओटीत किती पडतं इथून हिशेब सुरू केला तरी पुरतं.

या हिशेबाची पहिली नोंद १८६१ ची आहे. त्या वर्षी १२ एप्रिलला दक्षिण कॅरोलिनातल्या फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या, अमेरिकेत यादवी पेटली, आणि आठवड्याभरात लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. तेव्हा ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांशाच्या आसपास वाटा अमेरिकेच्या दक्षिणेतून येत असे. तो पिकवणारे हात गुलामांचे होते. १८६० च्या शिरगणतीत अमेरिकेत सुमारे ४० लाख गुलाम नोंदले गेले होते. युद्धाआधी तीनच वर्षं दक्षिण कॅरोलिनाचे सिनेटर जेम्स हॅमंड भर सिनेटमध्ये बजावून गेले होते की कापूस हा राजा आहे आणि त्याच्याशी लढाई करण्याची पृथ्वीवर कुणाची प्राज्ञा नाही. लढाई झाली. राजा बंदरात अडकला. लिव्हरपूलच्या बाजारात युद्धाआधी पौंडाला सात-आठ पेन्सने मिळणारा अमेरिकी कापूस १८६४ मध्ये २५ पेन्सच्या वर गेला. लँकेशायरचे गिरणीमालक मग जगाच्या नकाशावर दुसरा कापूस शोधू लागले, आणि त्यांचं बोट येऊन थांबलं ते गुजरात, वऱ्हाड आणि खान्देशावर.

तेव्हाचा खान्देश एकच जिल्हा होता आणि त्याचं मुख्य ठाणं धुळे. पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे पडायला १९०६ साल उजाडावं लागलं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं काम याच वर्षांत घाट ओलांडून तापी-गिरणेच्या खोऱ्यात चाललं होतं. जळगावचं नशीब फिरलं ते इथे. इंग्रजी गॅझेटियर साफ सांगतं की अमेरिकी युद्धाच्या वर्षांत जळगाव कापसाची मोठी पेठ बनलं, आणि युद्ध संपल्यावर भाव कोसळले तेव्हा त्याला जबर फटका बसला. चाकांना चांदीच्या धावा बसवलेल्या बैलगाड्यांच्या गोष्टी त्या काळच्या लिखाणात येतात. त्यांत तिखटमीठ किती, हा भाग वेगळा. पण अशा गोष्टी जन्माला याव्यात इतका पैसा वाहत होता, एवढं खरं. बरोबर सरकारी काठीही आली. खान्देशी कापसाचा धागा आखूड म्हणून कलेक्टर ॲशबर्नर यांनी हिंगणघाटचं बी आणून इथलं जुनं बी हटवण्याचा चंगच बांधला. कापसात पाणी, माती, सरकी मिसळून वजन वाढवणाऱ्यांना धरण्यासाठी मुंबई सरकारने १८६३ मध्ये खास कायदा केला. आज भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, केंद्रावर ओलावा मोजायचं यंत्र कापसात खुपसून ८ टक्के की १२ टक्के यावर वाद होतो, त्या वादाचा खापरपणजोबा हा कायदा. आणि आपण आज ज्या खंडीत रुईचा भाव बोलतो ती ३५६ किलोची खंडी म्हणजे मुंबईच्या त्या व्यापाऱ्यांची ७८४ पौंडांचीच खंडी. पौंड गेला, साहेब गेला, माप तसंच राहिलं.

तिकडे लँकेशायरात गिरण्या बंद पडल्या होत्या, लाखो कामगार सार्वजनिक मदतीच्या पावावर दिवस काढत होते, आणि जे माग चालू होते त्यांवर आपला कापूस चढत होता. पश्चिम हिंदुस्थानातल्या सगळ्या कापसाला तिथे सरसकट ‘सुरती’ म्हणत. त्याचा धागा सारखा तुटे, काम दुप्पट आणि मजुरी निम्मी. त्यामुळे ‘सुरती’ ही तिथे चक्क शिवी झाली. सॅम्युएल लेकॉक नावाचा एक कामगार कवी होता. स्वतःच मागावरचं काम गमावलेला. त्याने लँकेशायरच्या बोलीत सुरती कापूस विणणाऱ्याचं गाणं रचलं. आपल्या शेतातला कापूस कुणाच्या तरी शिव्याशापांचा धनी होऊन इंग्रजी लोकगीतात अमर झाला आहे, हे खान्देशात फारसं कुणाला ठाऊक नसावं. एका बाजूला अहिराणी बोलणारा कुणबी, दुसऱ्या बाजूला लँकेशायरची बोली बोलणारा विणकर. दोघांच्या मध्ये अमेरिकेतली लढाई. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही. तरी त्या चार वर्षांत एकाचा सुकाळ दुसऱ्याच्या दुष्काळातून आला होता.

मुंबईत या पैशाने काय केलं ते पुष्कळदा सांगून झालं आहे, म्हणून आवरतं घेतो. नेहमीच्या भावापेक्षा सुमारे ८ कोटी पौंड जास्त त्या पाच वर्षांत मुंबईत आले, असा तेव्हाचा अंदाज. त्यातून बँका आणि फायनान्स कंपन्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. बॅकबे रेक्लमेशनचा पाच हजार रुपये भरलेला शेअर पन्नास हजारांपुढे गेला. प्रेमचंद रायचंद या सगळ्याचे सम्राट. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेच्या जनरल ली यांनी शरणागती पत्करली, ती बातमी इथे पोहोचली, आणि १ जुलैला वायद्यांच्या फेडीचा दिवस उजाडला तेव्हा मुंबईतले कोट्यधीश रातोरात दिवाळखोर ठरले. पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की बुडालेल्या मुंबईच्या हातात तरीही काही उरलं: प्रेमचंदांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर, गोद्या, गिरण्या, भांडवलाचा अनुभव. खान्देशातल्या कुणब्याच्या हातात काय उरलं? चढत्या भावाच्या भरवशावर सावकाराने दिलेलं कर्ज, आणि ज्वारी-बाजरीच्या रानात शिरलेला कापूस.

इथे एक आक्षेप रास्त आहे आणि त्याला बगल देणं बरं नव्हे. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, तेव्हा सरकारी चौकशी आयोगाने कापसाच्या तेजीत फुगलेल्या आणि मंदीत आवळलेल्या कर्जाकडे बोट दाखवलं. पुढच्या काही इतिहासकारांनी विचारलं: पुणे-नगर हे काही कापसाचे बडे जिल्हे नव्हते, मग दंगे तिथे का आणि कापसाच्या खान्देशात का नाहीत? प्रश्न बिनतोड आहे. अमेरिकी युद्धाने सगळं घडवलं असं म्हणणारा माणूस इतिहास आखडून टाकतो. सारावाढ होती, पाऊस होता, दिवाणी कोर्टात सावकाराकडे झुकणारं पारडं होतं. खान्देशात जमीन पुष्कळ होती, पडीक रान तोडायला वाव होता, म्हणून फटका पचला, असंही म्हणता येतं. पण यातून माझं म्हणणं मोडत नाही. भाव वर गेला तेव्हा त्याचा निर्णय खान्देशात झाला नव्हता, खाली आला तेव्हाही नाही, आणि उतरत्या भावाचं ओझं उचलायला साखळीत सर्वांत खाली जो होता त्याच्यापाशी ना माहिती होती ना साठवणीची ताकद. लिव्हरपूलची खबर मुंबईच्या पेढीला आगबोटीने आणि नंतर तारेने कळे. कुणब्याला ती कळे, ती अडत्याच्या चेहऱ्यावरून.

दुसरा आक्षेप अधिक सुखवस्तू आहे: अहो, पण त्याच कापसाने जळगाव उभं केलं ना? केलं, निःसंशय. पेठा, प्रेस, जिन, १८७० च्या दशकातली खान्देश मिल, पुढे अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची गिरणी, या सगळ्यांचा पाया कापूस. पण शहर उभं राहणं आणि शेतकरी उभा राहणं या दोन गोष्टी एक नव्हेत. आज त्या गिरण्यांची धुराडी थंड आहेत, आणि खान्देश अजूनही मुख्यतः तेच करतो आहे जे त्याने १८६२ मध्ये केलं: कापूस पिकवायचा, सरकी वेगळी करायची, रुईच्या गाठी बांधायच्या आणि बाहेर पाठवायच्या. सूत, कापड, शिलाई यांतला पैसा दुसरीकडे. हा दोष अमेरिकेचा नाही. पण जगाच्या बाजारात कच्चा माल देणाऱ्याची जी जागा त्या युद्धाने आपल्याला नेमून दिली, ती आपण सोडली नाही, हे मान्य करायला हवं.

त्या युद्धाकडे महाराष्ट्रातून दोन डोळ्यांनी पाहिलं गेलं. एक डोळा बाजाराचा. त्या डोळ्याला शांततेची बातमी म्हणजे अशुभ वार्ता होती. अमेरिकेत माणसं मरत राहावीत यात मुंबईच्या वायदेबाजाराचं हित गुंतलेलं. दुसरा डोळा जोतीराव फुल्यांचा. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी निग्रो गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी स्वार्थत्याग केला. आपले देशबांधवही त्यांचा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना मुक्त करतील, ही आशा त्या अर्पणपत्रिकेत आहे. फुल्यांना भावाची खबर नव्हती असं नाही. शेतकऱ्याच्या लुबाडणुकीवर ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणारा हा माणूस. तरी एका दूरच्या देशातल्या युद्धाचा सार त्यांनी दरपत्रकात शोधला नाही. राबणारा माणूस सुटला का, हे पाहिलं. मला वाटतं, अमेरिकेवरचं मराठीतलं पहिलं खरं भाष्य ते हेच. तो धागा पुढे धुळ्यात सापडतो. कॉम्रेड शरद पाटील यांनी १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला, मार्क्स, फुले आणि आंबेडकर एकत्र वाचायचा हट्ट धरला, आणि आपल्या ग्रंथाला नाव दिलं ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’. त्यांची मांडणी सगळीच पटावी असं नाही. पण वर्ग आणि जात, दोन्ही हिशेबांत धरल्याशिवाय गुलामगिरी कळत नाही हे त्यांचं म्हणणं अमेरिकेलाही चपखल लागू पडतं.

कारण तिथे गुलाम सुटले, पण कापूस सुटला नाही. युद्धानंतर दक्षिणेतले काळे शेतकरी वाटेकरी म्हणून त्याच जमिनींवर आले. बी उधारीवर, खत उधारीवर, दुकानाची वही मालकाकडे, आणि हंगाम संपला की हिशेबात देणं बाकीच. खान्देशातल्या खातेदाराला ही गोष्ट कुणी समजावून सांगावी लागत नाही. इतिहासकार स्वेन बेकर्ट यांनी ‘एम्पायर ऑफ कॉटन’ या २०१४ च्या ग्रंथात हीच साखळी जगभर दाखवली आहे: गुलामी गेल्यावर कापसाच्या भांडवलाने माणसाला बांधायला कर्जाची दोरी वापरली, मिसिसिपीतही आणि वऱ्हाडातही. मिसिसिपीच्या डेल्टात त्या बांधलेपणातून ब्लूज जन्मले. चार्ली पॅटन या गायकाने १९२९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यांत एक आहे कापसाच्या बोंडात शिरणाऱ्या भुंग्यावर. आपल्याकडे गुलाबी बोंडअळीने २०१७ च्या हंगामात उभी शेतं खाल्ली, आणि जिला रोखेल म्हणून २००२ पासून विकलं गेलेलं बीटी तंत्र ज्या मोन्सॅन्टो कंपनीचं होतं तिचं घर मिसिसिपी नदीच्याच काठी, सेंट लुईसला. खान्देशात कामातून उगवलेल्या गाण्याचं मोठं नाव बहिणाबाई चौधरींचं. आसोद्याची ही शेतकरीण लिहू-वाचू शकत नव्हती. मुलगा सोपानदेव यांनी टिपून ठेवलेलं आचार्य अत्र्यांच्या हाती गेलं आणि १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर वर्षभराने, पुस्तक झालं. डेल्टातलं गाणं आणि आसोद्यातलं गाणं यांची जात एक आहे असा दावा मी करणार नाही. एवढंच म्हणेन की दोन्हीकडे कापसाविषयी जे गाण्यात मिळतं ते वर्तमानपत्रात मिळत नव्हतं.

विसाव्या शतकाचा मधला भाग झपाट्याने ओलांडू. १९६५-६६ मध्ये, आपल्याकडे दुष्काळ असताना, अध्यक्ष जॉन्सन यांनी पीएल-४८० या अमेरिकी धान्यमदतीच्या कायद्याखालचा गहू मुद्दाम हात आखडून, महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडला. त्यामागे आपल्या शेतीधोरणाविषयीचा आग्रह होता, आणि व्हिएतनाम युद्धावर भारत करत असलेल्या टीकेचा रागही. तिथल्या लढाईचा संबंध इथल्या ताटाशी असा थेट जोडला गेला. पण खान्देशासाठी महत्त्वाचं प्रकरण नंतरचं, आणि त्यात बंदूक नाही, वही आहे. २००१-०२ च्या सुमारास अमेरिकेत कापूस पिकवणारे शेतकरी होते सुमारे २५ हजार, आणि त्यांच्यासाठी त्या सरकारने खर्च केले ३ अब्ज डॉलरहून जास्त. मुबलक अनुदानामुळे कापूस तोट्यातही पिकत राहिला, निर्यात होत राहिला, आणि जागतिक भाव दबला. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब आफ्रिकी देशांनी २००३ च्या कॅनकून परिषदेत याविरुद्ध आवाज उठवला. ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत रीतसर खटला भरला आणि तो जिंकला. निकाल लागल्यावर अमेरिकेने काय करावं? २०१० पासून तिने ब्राझीललाच वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायला सुरुवात केली, आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. फिर्यादीचं तोंड बंद झालं. आफ्रिकेचे चार देश आणि आपण, ज्यांनी खटला भरला नव्हता, बघत राहिलो.

आता कुणी म्हणेल, आपलं सरकार हमीभाव देतं, ते काय अनुदान नव्हे? अमेरिकेचंही हेच म्हणणं आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिने जागतिक व्यापार संघटनेत तक्रारवजा नोंद केली की भारत कापसाला मर्यादेपेक्षा जास्त आधार देतो आणि तो कमी दाखवतो. यात कायद्याच्या गणिताचा भाग आहे आणि तो अमेरिकेने आपल्या सोयीने मांडला आहे. व्यवहाराचा भाग असा: हमीभाव जाहीर होणं आणि तो पदरात पडणं यांत केंद्र, नोंदणी, सातबारावरचा पेरा, ओलावा आणि रांग येते. २०२४-२५ मध्ये सीसीआयने सुमारे १०० लाख गाठींचा कापूस घेतला, देशाच्या उत्पादनाच्या साधारण एक तृतीयांश. ही खरेदी मोठीच म्हणायची, तिचं श्रेय नाकारू नये. तरी दोन तृतीयांश बाहेर राहिला. खेडा खरेदीत गावात गाडी घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याला रोख पैशाच्या गरजेपोटी जो कापूस दिला जातो, तो याच बाहेरच्या हिश्शातला.

ऑगस्ट २०२५ मध्ये हे सगळं एका महिन्यात उघडं पडलं. ट्रम्प यांनी भारतीय मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि रशियन तेलाचं निमित्त करून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के आयातशुल्क लादलं. तिरुपूर, सुरत, मुंबईच्या कापड निर्यातदारांची कोंडी झाली. त्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून दिल्लीने १९ ऑगस्टला कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ केलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. खान्देशात गणेश चतुर्थीला कापूस खरेदीचा मुहूर्त करतात, काट्याची पूजा होते, पहिल्या मापाला हौसेचा भाव पुकारला जातो. त्या वर्षी चतुर्थी २७ ऑगस्टलाच होती. मुहूर्ताच्या दिवशीच अमेरिकेचं दुसरं शुल्क लागू झालं, आणि दुसऱ्या दिवशी आयातमाफीची मुदत वाढल्याची घोषणा आली. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, मध्यम धाग्याचा ७,७१०. बाजाराने कुठला रस्ता धरला असेल ते सांगायला नको.

यावर सरकारी बाजू अशी: निर्यात बुडाली तर गिरण्या बंद पडतील, मग कापूस घेणार कोण? युक्तिवाद पोकळ नाही. आपला उतारा हेक्टरी जगाच्या सरासरीच्या कितीतरी खाली आहे, अतिलांब धाग्याचा कापूस आपल्याला काही प्रमाणात आणावाच लागतो, आणि माफीचा निर्णय दिल्लीचा, वॉशिंग्टनचा नव्हे. डाव्या लेखकांना एक वाईट खोड आहे, सगळं साम्राज्यवादाच्या खात्यावर टाकून मोकळं व्हायचं. मग गावातला व्यापारी, बियाण्याचा काळाबाजार, वेचणीला सातपुड्यातून येणाऱ्या पावरा-भिल्ल मजुरांची मजुरी, यांतलं काहीच बोलावं लागत नाही. तेव्हा दोष वाटून टाकू. पण भरपाईचं पाहा. त्याच व्यापारयुद्धात चीनने अमेरिकेचा शेतमाल घेणं आखडलं, तिथला शेतकरी अडचणीत आला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने शेतकऱ्यांसाठी १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. कापूस तिच्यात होता. म्हणजे ज्या शुल्काने तिथला शेतकरी दुखावला त्याची पट्टी तिथल्या तिजोरीने बांधली. त्याच शुल्काच्या धक्क्याने इथे जो भाव घसरला त्याची भरपाई कुणीही, कुठेही दिली नाही.

आणि हे न कळण्यात माध्यमांचा वाटा मोठा आहे. मराठी दैनिकांचं परदेशाचं पान वृत्तसंस्थांच्या मजकुरावर चालतं आणि त्या मजकुराचा कल वॉशिंग्टनमध्ये ठरतो. तिथल्या पत्रकारितेची बूज राखूनही हे म्हणता येतं, कारण तिनेच ते कबूल केलं आहे: इराकवरच्या युद्धाआधी महासंहारक शस्त्रांविषयीच्या सरकारी दाव्यांची पुरेशी छाननी आपण केली नाही, असं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मे २००४ मध्ये वाचकांना सांगितलं. युद्ध तोवर सव्वा वर्षाचं झालं होतं. मार्च २००३ मध्ये ‘डिक्सी चिक्स’ या टेक्ससच्या कंट्री संगीत गाणाऱ्या बायकांनी लंडनच्या रंगमंचावरून अध्यक्ष बुश यांच्याविषयी लाज व्यक्त केली, तर शेकडो रेडिओ केंद्रांवरून त्यांची गाणी गायब झाली. त्यातल्या एका मोठ्या कंपनीने आपल्या साऱ्या कंट्री केंद्रांना तसा हुकूमच दिला. छाननी न करणाऱ्या संपादकाला माफीनाम्याची सवलत आणि बोलणाऱ्या गायिकेला बंदी, असा हा न्याय. आपल्याकडे कुणी बंदी घालत नाही. त्याची गरजच पडत नाही, कारण ट्रम्प पहिल्या पानावर असतो, कापसाचा भाव आतल्या पानाच्या कोपऱ्यात, आणि दोन्ही मिळून एकच बातमी आहे हे सांगण्याची जबाबदारी कुठल्याच पानाची नसते.

ही फारकत शेतकऱ्याला किती महाग पडते, याचं २०२२ चं उदाहरण ताजं आहे. त्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा वायदा पौंडाला १५० सेंटच्या वर गेला, इथे क्विंटलला दहा-बारा हजार मिळाले. शरदात तोच वायदा ८० सेंटच्या खाली आला होता. खान्देशातल्या शेतकऱ्यांनी पुढच्या हंगामाचा कापूस पुन्हा दहा हजारांच्या आशेने घरात भरून ठेवला, माजघरापासून माळ्यापर्यंत. उन्हाळ्यापर्यंत घरातल्यांच्या अंगाला खाज सुटली आणि अखेर सात-आठ हजारांत द्यावा लागला. न्यूयॉर्कचा आकडा तेव्हाही रोज उपलब्ध होता. १८६५ च्या कुणब्याला तारेची बातमी मिळत नव्हती, हे समजू शकतं. आज ती मोबाइलवर असते, फक्त मराठीत, क्विंटलच्या भाषेत, अर्थासह कुणी देत नाही.

जळगाव-धुळ्याच्या संपादकांकडे म्हणून एकच मागणं आहे. अमेरिकेतून ट्रम्प यांची किंवा त्यांच्यानंतर येणाऱ्या कुणाचीही बातमी घ्याल, तेव्हा तिच्याखाली चार ओळी द्या: न्यूयॉर्कचा वायदा, आयातशुल्काची आजची स्थिती, जवळच्या सीसीआय केंद्रावरची खरेदी आणि वेचणीचा किलोचा दर. आणि वाचकांनी त्या चार ओळी मागून घ्याव्यात, पत्र लिहून, फोन करून, गरज पडली तर कचेरीत जाऊन.